एकच प्रवेशशुल्क, मोजके पाणी
स्वयंसेवा वाहनधुलाई केंद्राचे गणित

दसऱ्याच्या आदल्या दिवशी महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी एक दृश्य हमखास दृष्टीस पडते. रिक्षा, टेम्पो, मोटारसायकली, ट्रॅक्टर अशी सर्व प्रकारची वाहने धुण्यासाठी बाहेर काढलेली असतात. कोणी घरासमोरच्या नळाला रबरी नळी लावतो, कोणी विहिरीवरचा पंप सुरू करतो, तर कोणी सरळ नदीच्या पात्रात वाहन उतरवतो. दुसऱ्या दिवशी त्याच वाहनाला झेंडूची माळ चढते आणि त्याची पूजा होते. पोळ्याच्या सणाला बैलांना नदीवर नेऊन न्हाऊ घालणाऱ्या शेतकऱ्याच्या मनातील जिव्हाळाच या धुण्यातही असतो. मात्र बैल आणि वाहन यांत एक मोठा फरक आहे. बैल धुतल्याने नदीत तेल, वंगण आणि साबणाचा फेस मिसळत नाही. वाहन धुतल्याने तो मिसळतो. शिवाय ज्या नळाच्या पाण्याने वाहन धुतले जाते, ते पाणी पिण्यायोग्य करण्यासाठी नगरपालिकेने बराच खर्च केलेला असतो.

वाहनांची संख्या वाढत गेली, तशी ती धुऊन देण्याची केंद्रेही गावोगावी उभी राहिली. या व्यवसायाचाच एक साधा प्रकार म्हणजे स्वयंसेवा धुलाई केंद्र. येथे केंद्रचालक जागा, दाबाचे पाणी आणि साबणाचा फेस पुरवतो. वाहन धुण्याचे काम ग्राहक स्वतः करतो. प्रवेश करतानाच एक ठराविक शुल्क भरले की काम झाले. थोड्या भांडवलात सुरू होणारा हा व्यवसाय अनेक तरुणांना आकर्षक वाटतो. परंतु ठराविक शुल्काची ही साधी दिसणारी पद्धत नीट समजून न घेता अंगीकारली, तर केंद्रचालकाचे कर्ज थकते आणि गावाचे पाणीही वाया जाते. म्हणून या पद्धतीचे गणित तपशिलाने पाहणे इष्ट ठरेल.

पाण्याची खरी किंमत

एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. १२ एप्रिल रोजी पोहोचलेल्या पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या आणि त्यांतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले. म्हणजे एका वाघिणीत सुमारे ५० हजार लिटर पाणी मावत होते. आता उघड्या नळीने मोटार धुण्याचा हिशेब पाहावा. अर्ध्या इंची नळीतून चांगल्या दाबाने मिनिटाला १५ ते २० लिटर पाणी सहज वाहते. साबण लावताना नळी जमिनीवर तशीच वाहत राहिली, तर दहा-बारा मिनिटांत २०० लिटर पाणी खर्ची पडते. दिवसाला २४ मोटारी अशा रीतीने धुतल्या, तर ४,८०० लिटर पाणी लागते. याचा अर्थ असा, की एकच लहानसे केंद्र दहा-अकरा दिवसांत रेल्वेच्या एका वाघिणीइतके पाणी संपवते.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागातील प्रत्येक माणसामागे दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरविले. त्या मापाने पाहता, एका मोटारीवर ओतलेले २०० लिटर पाणी म्हणजे जवळजवळ चार माणसांचे एका दिवसाचे पाणी होय. बेंगळुरू शहरात मार्च २०२४ मध्ये टंचाई तीव्र झाली, तेव्हा तेथील पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास मनाई केली आणि उल्लंघन करणाऱ्यास ५,००० रुपये दंड ठेवला. टंचाईच्या काळात वाहनधुलाईकडे प्रशासनाची दृष्टी सर्वांत आधी वळते, हा यातील धडा आहे. ज्या केंद्राचा व्यवसाय पिण्याच्या पाण्यावर अवलंबून असेल, त्याला उन्हाळ्यात कुलूप लागण्याचा धोका कायम राहतो.

पद्धतीचा उगम

वाहने धुण्याचा स्वतंत्र व्यवसाय अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी उदयास आला. डेट्रॉईट शहरात १९१४ मध्ये मोटारींचे जे धुलाईगृह निघाले, त्यात मोटार हातांनी पुढे ढकलत नेत आणि प्रत्येक टप्प्यावरचे कामगार आपापले काम करीत. पुढे ओढयंत्रे आणि फिरते ब्रश आले व मोटार बोगद्यासारख्या दालनातून आपोआप धुऊन निघू लागली. दरम्यान दाबाचे पाणी फेकणाऱ्या यंत्रांत सुधारणा झाली. जर्मनीत आल्फ्रेड केर्शर यांनी १९५० मध्ये गरम पाण्याचे दाबयंत्र तयार केले. अशा यंत्रांमुळे थोड्या पाण्यात चिखल उडवणे शक्य झाले आणि ग्राहकाच्या हाती पाण्याची बंदूक देता येऊ लागली. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत नाणे टाकून चालणारे स्वयंसेवा ओटे पसरले. जर्मनीत अनेक ठिकाणी घरासमोर रस्त्यावर वाहन धुण्यास बंदी असल्याने तेथेही असे ओटे नागरिकांच्या नित्य वापरात आले.

या दोन प्रकारांत शुल्क आकारण्याची रीत वेगवेगळी आहे, आणि तो भेद लक्षात घेण्यासारखा आहे. बोगद्याच्या पद्धतीत प्रवेशाच्या वेळी एकच रक्कम घेतात. स्वयंसेवा ओट्यावर मात्र बहुधा मिनिटांप्रमाणे पैसे घेतात. नाणे संपले की पाणी बंद होते. असे का असावे? बोगद्यात मोटार किती वेळ राहणार आणि तिच्यावर किती पाणी पडणार, हे यंत्रच ठरवते. ग्राहकाला त्यात वाढ करता येत नाही. त्यामुळे एकच शुल्क घेऊनही चालकाचा खर्च निश्चित राहतो. स्वयंसेवेत बंदूक ग्राहकाच्या हातात असते. तेथे वेळ आणि पाणी यांची मर्यादा ग्राहकाच्या मनावर असते. म्हणूनच स्वयंसेवा केंद्रात ठराविक शुल्क ठेवायचे असेल, तर बोगद्यातील यंत्र जी मर्यादा घालते, ती मर्यादा ओट्याच्या रचनेतच बसवावी लागते. या व्यवसायाचे सारे यश या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

ठराविक शुल्काचे गुण

ठराविक शुल्काचे काही स्पष्ट फायदे आहेत. रस्त्यावरूनच दराचा फलक दिसतो. किती पैसे होतील याची ग्राहकाला धास्ती राहत नाही. दिवसाच्या मिळकतीवर घर चालवणाऱ्या रिक्षाचालकाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची असते. पैशाचा व्यवहार एकदाच, प्रवेशद्वाराशी होतो. त्यामुळे हिशेब सोपा राहतो, घासाघीस होत नाही आणि देखरेखीला एक माणूस पुरतो. दिवसाअखेर दिलेल्या पावत्या मोजल्या की जमा रक्कम कळते. साक्षरता बेताची असणाऱ्या ग्राहकालाही ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही.

मात्र ‘एकच शुल्क’ याचा अर्थ ‘सर्वांना एकच शुल्क’ असा घेऊ नये. दुचाकी, तीनचाकी आणि मोटार यांचे आकारमान वेगळे, त्यांना लागणारे पाणीही वेगळे. प्रत्येक वर्गाला एक ठराविक दर असावा आणि त्या वर्गात भेदभाव नसावा. शेतातून आलेला चिखलाने माखलेला ट्रॅक्टर किंवा मालमोटार यांना मोटारीच्या ओट्यावर घेऊच नये. त्यांची मातीच गाळाची टाकी भरून टाकते. त्यांच्यासाठी स्वतंत्र ओटा करणे शक्य नसेल, तर त्यांना नम्रपणे नकार देणे केंद्राच्या हिताचे असते.

जमाखर्चाचे एक उदाहरण

ठराविक शुल्कातील धोका आकड्यांच्या साहाय्याने लवकर ध्यानात येतो. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येक गावी जागेचे भाडे, मजुरी आणि पाण्याचा दर पाहून ते बदलावेत.

समजा, दोन ओट्यांचे एक केंद्र आहे. जागेचे भाडे १५,००० रुपये, एका मदतनिसाचे वेतन १५,००० रुपये, कर्जाचा हप्ता १२,००० रुपये, यंत्रांची देखभाल ४,००० रुपये आणि किरकोळ खर्च २,००० रुपये, असा महिन्याचा स्थिर खर्च ४८,००० रुपये होतो. एक मोटारही आली नाही, तरी हा खर्च टळत नाही. मोटारीचे प्रवेशशुल्क १०० रुपये आहे. साबण आणि वीज यांवर मोटारीमागे ८ रुपये लागतात. पाणी टँकरचे आहे आणि १०,००० लिटरच्या टँकरला २,००० रुपये पडतात. म्हणजे लिटरला २० पैसे.

पहिल्या प्रसंगात मोटारीला ६० लिटर पाणी लागते. पाण्याचा खर्च १२ रुपये, साबण व वीज ८ रुपये, एकूण २० रुपये. शुल्कातून ८० रुपये शिल्लक राहतात. ४८,००० रुपयांचा स्थिर खर्च भरून येण्यासाठी महिन्याला ६०० मोटारी, म्हणजे २५ दिवसांच्या महिन्यात रोज २४ मोटारी याव्या लागतात. त्यापुढे येणारी प्रत्येक मोटार ही चालकाची कमाई.

दुसऱ्या प्रसंगात केंद्र तेच, शुल्कही तेच. फक्त ग्राहकाच्या हाती उघडी नळी आहे आणि मोटारीला २०० लिटर पाणी लागते. पाण्याचा खर्च ४० रुपये होतो, एकूण ४८ रुपये. शिल्लक राहतात ५२ रुपये. आता तोच स्थिर खर्च भरून येण्यासाठी महिन्याला सुमारे ९२३ मोटारी, म्हणजे रोज ३७ मोटारी लागतात. रोजच्या ज्या १३ मोटारींतून चालकाचे घर चालावयाचे, त्या सर्व मोटारी केवळ वाया गेलेल्या पाण्याची किंमत फेडण्यात खर्ची पडतात.

वेळेचेही असेच आहे. एका मोटारीला १५ मिनिटे लागली, तर दोन ओट्यांवर तासाला ८ मोटारी धुऊन होतात. ग्राहक अर्धा तास रेंगाळला, तर हीच संख्या ४ वर येते. आठवड्यातील इतर दिवशी ओटे रिकामे असताना याने काही बिघडत नाही. परंतु रविवारी सकाळी ८ ते १२ या गर्दीच्या वेळी ३२ ऐवजी १६ मोटारी झाल्या, तर १६ ग्राहक परत जातात आणि मोटारीमागे ८० रुपये या हिशेबाने १,२८० रुपये एका सकाळीच हातचे जातात. जो ग्राहक दहा मिनिटांत काम उरकून जातो, तो एका अर्थी रेंगाळणाऱ्या ग्राहकाचा खर्च सोसत असतो. असा अन्याय फार काळ चालला, तर चांगले ग्राहक येईनासे होतात.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. रोजच्या २४ मोटारी ही वर्षाची सरासरी आहे. झडीच्या दिवसांत ग्राहक फिरकत नाहीत. दसरा, दिवाळी आणि लग्नसराईत ते रांग लावतात. गर्दीचे आठ दिवस पाहून वर्षाचे अंदाज बांधणारा चालक पहिल्याच पावसाळ्यात अडचणीत येतो.

मर्यादा कोठे घालावी

ग्राहकाला वारंवार ‘पाणी कमी वापरा’ असे सांगणे हा उपाय नव्हे. पैसे भरलेल्या माणसाला ते रुचत नाही आणि मदतनिसालाही ते दिवसभर जमत नाही. मर्यादा यंत्रातच असावी.

पहिली मर्यादा बंदुकीच्या तोंडाशी, म्हणजे नॉझलमध्ये असावी. सुमारे १०० बार दाबाने मिनिटाला १२ लिटर पाणी देणारा पंप मोटार धुण्यास पुरेसा असतो. त्याला साधारण ३ अश्वशक्तीची मोटर लागते. चिखल निघतो तो पाण्याच्या वेगाने, पाण्याच्या प्रमाणाने नव्हे. घोडा दाबला तरच पाणी सुटेल आणि बोट काढताच बंद होईल अशीच बंदूक घ्यावी. घोडा बांधून ठेवण्याची सोय असलेली बंदूक स्वयंसेवा केंद्रात कधीही वापरू नये.

दुसरी मर्यादा घड्याळाची. ओट्यावरच्या १५ मिनिटांपैकी पाणी प्रत्यक्ष वाहते तो वेळ थोडाच असतो. म्हणून बंदूक चालू असतानाचाच वेळ मोजणारे घड्याळ पंपाला जोडावे आणि प्रवेशशुल्कात ५ मिनिटांचे पाणी द्यावे. मिनिटाला १२ लिटर या हिशेबाने हे पाणी ६० लिटर होते. वेळ भरत आला की दिवा लागावा, आणि वेळ संपला की पंप थांबावा. ज्याला अधिक पाणी हवे असेल, त्याला दुसरे टोकन घेता यावे. असे केल्याने शुल्क ठराविकच राहते, पण त्याच्या मोबदल्यात काय मिळणार हेही ठराविक होते. प्रवेशद्वारावरच्या फलकावर ही गोष्ट ठळक अक्षरांत लिहिलेली असावी; नंतर सांगितलेली अट ग्राहकाला फसवणूक वाटते.

तिसरी मर्यादा जागेच्या मांडणीत आहे. वाहन पुसणे, आतील धूळ काढणे, पायपुसणी वाळवणे ही कामे ओट्यावर होऊ देऊ नयेत. ओट्यापुढे काही अंतरावर सावलीची जागा करून तेथे ती सोय द्यावी. ग्राहकाला तेथे घाई करण्याचे कारण नाही, आणि ओटा मात्र पुढच्या वाहनासाठी मोकळा होतो.

धुण्याचा क्रम सांगणारा चित्रांचा फलक प्रत्येक ओट्यावर असावा. प्रथम पायपुसणी बाहेर काढावी आणि चाकांजवळचा वाळलेला चिखल काठीने वा ब्रशने उतरवावा. मग दीड मिनिट पाणी मारून धूळ भिजवावी. त्यानंतर बंदूक बाजूला ठेवून फेस लावावा आणि स्पंजाने चोळावे. या वेळी पाण्याचा थेंबही लागत नाही. शेवटी दोन-अडीच मिनिटांत वरून खाली फेस धुऊन काढावा. या क्रमाने मोटार ५ मिनिटांच्या पाण्यात स्वच्छ होते आणि नवख्या ग्राहकालाही शुल्क वाया गेल्यासारखे वाटत नाही.

वापरलेले पाणी पुन्हा कामी

धुलाईचे पाणी गटारात सोडून देणे हा दुहेरी तोटा आहे. ओट्याला मध्यभागी उतार देऊन जाळीच्या चरातून हे पाणी तीन कप्प्यांच्या टाकीत न्यावे. पहिल्या कप्प्यात वाळू आणि माती तळाशी बसते. दुसऱ्या कप्प्यात तेल आणि वंगण वर तरंगते. कारण तेल पाण्याहून हलके असते. या कप्प्यातून पुढे जाणारी नळी पाण्याच्या पृष्ठभागाखाली बुडालेली ठेवावी, म्हणजे तरंगणारे तेल मागेच राहते. तिसऱ्या कप्प्यात तुलनेने निवळलेले पाणी जमते. दोन्ही बंदुका एकाच वेळी अखंड चालल्या, तरी मिनिटाला २४ लिटरच पाणी येते. तीनही कप्पे मिळून ३,००० लिटरची टाकी असली, तर पाण्याला निवळण्यास दोन तासांहून अधिक अवधी मिळतो. काटकसरीची बंदूक वापरली की टाकीही आटोपशीर आकाराची पुरते, हा त्यातील आणखी एक लाभ.

तेल वेगळे होण्यात साबणाचा मोठा अडथळा असतो. कडक साबणामुळे तेलाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात विरून जातात आणि लवकर वर येत नाहीत. म्हणून सौम्य आणि तेलाला लवकर सोडणारा साबण निवडावा. काही ठिकाणी वाहनाच्या खालच्या भागावर डिझेल किंवा रॉकेल फवारण्याची प्रथा आढळते. स्वयंसेवा केंद्रात तिला पूर्ण मनाई असावी. तिसऱ्या कप्प्यातील पाण्याला तुरटी देऊन, वाळू आणि कोळसा यांच्या गाळणीतून काढले, की ते पहिल्या धुण्यास योग्य होते. पाणी साचून राहिल्यास त्याला दुर्गंधी येते. ते टाळण्यासाठी त्यात हवा खेळती ठेवावी. वारंवार वापराने पाण्यातील क्षार वाढतात आणि वाळल्यावर रंगावर पांढरे डाग दिसतात. यासाठी शेवटचे धुणे नेहमी ताज्या पाण्यानेच करावे.

अशा व्यवस्थेत मोटारीच्या ६० लिटरपैकी सुमारे ४० लिटर पाणी पुनर्वापराचे आणि २० लिटर ताजे, असा मेळ घालता येतो. उरलेले पाणी वाहनाबरोबर जाते, हवेत उडते किंवा गाळणी धुण्यास लागते. रोजच्या २४ मोटारींना मग ४८० लिटर ताजे पाणी पुरते. उघड्या नळीच्या केंद्राला याच कामासाठी ४,८०० लिटर पाणी लागत होते. पाण्याची गरज एका दशांशावर येते.

ताज्या पाण्याचा काही भाग पावसातूनही मिळू शकतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी मिळते. केंद्रावर ६० चौरस मीटरचे पत्र्याचे छप्पर असेल आणि वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस पडत असेल, तर ३६,००० लिटर पाणी पडते. त्यातील ८० टक्के जरी साठवून वापरता आले, तरी २८,८०० लिटर होतात. मोटारीमागे २० लिटर धरता हे पाणी १,४४० मोटारींना, म्हणजे आपल्या उदाहरणातील केंद्राला सुमारे अडीच महिने पुरेल. छपरामुळे ओट्यावरचे पावसाचे पाणी तेलकट टाकीत शिरत नाही, हाही फायदा आहेच.

परवानग्या आणि जबाबदारी

केंद्र सुरू करण्यापूर्वी स्थानिक नगरपालिका, महानगरपालिका किंवा ग्रामपंचायत यांच्याकडे जागेच्या वापराबाबत आणि पाण्याच्या जोडणीबाबत विचारणा करावी. सांडपाणी बाहेर सोडणाऱ्या व्यवसायांना जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ लागू होतो. त्याबाबतच्या संमतीसाठी १९७० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयाशी संपर्क साधावा. कूपनलिका घ्यावयाची असल्यास महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मधील तरतुदी समजून घ्याव्यात. टाकीतून काढलेले तेल आणि तेलमिश्रित गाळ हा घातक कचऱ्यात मोडतो. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार त्याची विल्हेवाट अधिकृत संस्थेमार्फतच लावावी लागते. तो नाल्यात किंवा मोकळ्या जागेत टाकणे हा अपराध आहे. कर्ज आणि अनुदानाच्या योजना वेळोवेळी बदलतात. त्यांची त्या त्या वेळची माहिती जिल्हा उद्योग केंद्रातून घेणे श्रेयस्कर. ही केंद्रे १९७८ पासून लघुउद्योजकांच्या मार्गदर्शनासाठी काम करीत आहेत.

स्वयंसेवा केंद्रात यंत्र अनोळखी माणसाच्या हातात असते. त्यामुळे सुरक्षिततेची जबाबदारी चालकावर अधिक येते. ओल्या जागेत विजेचा धक्का प्राणघातक ठरू शकतो. म्हणून मोटरला पक्के अर्थिंग द्यावे, गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच बसवावा आणि विजेची सर्व बटणे पाण्याच्या फवाऱ्यापासून दूर ठेवावीत. दाबाचे पाणी अंगावर मारणे हा खेळ नव्हे. जवळून मारलेली धार कातडी भेदून आत शिरते. मुलांच्या हाती बंदूक देऊ नये. रंग आणि टायर यांपासून बंदूक निदान एक फूट दूर धरावी. विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या चार्जिंगच्या तोंडावर धार मारू नये आणि चार्जिंग चालू असताना ते वाहन धुऊ नये. या सूचना चित्रांसह लावलेल्या असाव्यात आणि मदतनिसाला त्या तोंडपाठ असाव्यात.

धुलाई केंद्रांवर अनेकदा अल्पवयीन मुले राबताना दिसतात. १४ वर्षांखालील मुलांना अशा कामावर ठेवणे कायद्याने गुन्हा आहे. स्वयंसेवा केंद्रात मोठा कामगारवर्ग लागत नाही. एक-दोन प्रौढ, प्रशिक्षित माणसे पुरतात. त्यामुळे या व्यवसायातून फार मोठा रोजगार निर्माण होईल अशी अपेक्षा धरू नये. मात्र एखाद्या कुटुंबाला, दोघा-तिघा मित्रांना किंवा महिला बचतगटाला स्वावलंबी करण्याची क्षमता त्यात निश्चित आहे.

अखेरचा हिशेब

स्वयंसेवा धुलाई केंद्राचा चालक स्वच्छ वाहन विकत नाही. ते काम ग्राहकच करतो. चालक विकतो तो ओट्यावरचा पाव तास आणि ६० लिटर पाणी. आपण काय विकतो हे ज्याला कळले, त्याने एकच प्रवेशशुल्क ठेवावे आणि निश्चिंत राहावे. ज्याला हे कळले नाही, तो १०० रुपयांत अमर्याद पाणी आणि अमर्याद वेळ देऊन बसतो, आणि ठराविक शुल्काची पद्धतच वाईट असे म्हणत केंद्र बंद करतो.

या विचाराला एक सार्वजनिक बाजूही आहे. नदीत उतरणारा टेम्पो आणि रस्त्यावर वाहणारी नळी थांबवायची असेल, तर केवळ मनाईचे फलक पुरत नाहीत. वाहनधारकाला परवडणारी, जवळची आणि सोपी जागा मिळाली पाहिजे. तालुक्याच्या गावी पाण्याचा पुनर्वापर करणारे एक जरी केंद्र नीट चालले, तरी दसऱ्याची पूजा स्वच्छ वाहनानेच होईल, आणि नदीच्या घाटावर दुसऱ्या दिवशी तेलाचा तवंग दिसणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीला त्या केंद्राचा हेवा वाटण्याचे कारण उरणार नाही. असे केंद्र चालवणाऱ्या तरुणाच्या वहीत महिन्याअखेर जी शिल्लक दिसेल, ती गावाच्या पाण्यावर भार न टाकता मिळवलेली असेल.